सव्वा मूठ गहू

मूठ सुटली होती, तीही नाव घेऊन सुटली होती, आणि आता ती परत पोत्यात टाकता येत नव्हती, एवढंच भटूला फोनवर सांगायचं होतं. पण आपल्याकडचा माणूस अवघड गोष्ट सांगायची म्हटली की आधी पावसाचं विचारतो, मग कपाशीचं, मग तुमच्या जळगावला ढग आहे की ऊन, आणि भटू तर धाकटा दीर, वहिनीशी बोलताना आधीच अर्धा शब्द गिळणारा. दिपमाला ऑफिसातल्या टेबलाशी बसून हं हं करत राहिली. पाटबंधारे खात्यात आवक-जावक तिच्याकडे होती. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि पुढच्या टेबलाकडे सरकवायचा. आत काय लिहिलंय ते वाचायची कुणी सक्ती केलेली नव्हती. फोनही ती तसाच ऐकत होती. शेवटी भटूने घसा खाकरला. "वहिनी, आईनी काल रोटना गहू काढात. आन मूठ भरता भरता रूपाभाऊनं बी नाव लिन्हं." दिपमालाच्या हातातला शिक्का कागदावर तिरका उमटला. तिने तो कागद बाजूला ठेवला आणि "बरं" म्हणाली.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई, खानदेशाची देवी, बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत, आणि नाव मोठ्याने घ्यायचं. ते गहू दळून जाडजाड रोट होतात, आणि ते घरच्यांनीच खाऊन संपवायचे, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. सासूबाई, म्हणजे सुमनबाई, लग्न होऊन आल्यापासून हे गहू काढत होत्या आणि थोरला मुलगा जन्मल्यापासून त्यांची जीभ 'रूपा'वरूनच सुरू होत होती. गेल्या साली सुतकाचं वर्ष म्हणून कानबाई बसलीच नाही, त्यामुळे जिभेला नवा रस्ता कुणी दाखवला नव्हता. त्यांनी पोत्यात हात घातला, "रूपा" म्हणाल्या, मूठ टोपलीत सोडली, मग भटू, मग भटूचा मुलगा कुंदन. भटूच्या घरातले सगळे तिथेच होते. सगळ्यांनी ऐकलं, आणि 'आई, काय करतेस' एवढं म्हणायची एकाचीही छाती झाली नाही.

"मग आता?" दिपमालाने विचारलं. "आते काय," भटू म्हणाला, "पडेल दाना मांगे जात नही. त्याना रोट व्हई, आन त्या रोटले खानारा पाहिजे. मी म्हनस, कुंदनना नाववर करी टाकूत. पन आई म्हनस, ज्या घरनी मूठ त्या घरनी बाई सांगी. आते तुम्हीच सांगा, वहिनी." सांगायचं एवढंच होतं की हे आता नाहीत, ती मूठ आमची नाही, कुंदनच्या नावाने करा. कुणीही सांगितलं असतं. दिपमालाने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "मी येते. येऊनच सांगते." "या ना. पिंपळनेरपावत एस्टीनी या, मी घेवाले येस." "नको," ती म्हणाली, "गाडीवर येते." गाडी म्हणजे तिच्या नवऱ्याची, रुपचंदची मोटरसायकल, हे दोघांनाही ठाऊक होतं. असं आपण का म्हणालो याचा तिने त्या दिवशी संध्याकाळपर्यंत विचार केला, म्हणजे करायचं ठरवलं. पण विचार आला की त्याच्यावरही शिक्का मारून तो पुढे सरकवायची तिला सवय झाली होती.

'हे आता नाहीत' हे वाक्य तिने दीड वर्षात एकदाही तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. खोटं वाटेल, पण नवरा गेलेल्या बाईला ते वाक्य म्हणायची वेळ फारशी येतच नाही. पहिले काही दिवस म्हणायला नातेवाईक असतात, हिरिरीने म्हणतात, आणि त्यानंतर सगळ्यांना ते ठाऊकच असतं. गॅसवाल्याने साहेब कुठेत विचारलं तर 'बाहेर असतात' म्हणून भागतं. दिपमाला काही भ्रमात नव्हती. तिने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, अंगठे कसे लागले तेही तिला आठवत होतं. भुसावळहून आलेला फोन तिने स्वतः घेतला होता, मुलीला कळवलं होतं, आलेल्यांना चहा करायला कुणाला तरी सांगितलं होतं. रडली तेवढी नव्हती. धीराची बाई, असं लोक म्हणाले, आणि तिलाही ते सोयीचं वाटलं. पण धीरबीर काही नव्हता. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. मुंग्या येतील तेव्हा बघू म्हणून ती बसून राहिली होती आणि मुंग्या काही येत नव्हत्या.

शनिवारी सुट्टी होती. तिने पार्किंगमधल्या गाडीवरचं कव्हर काढलं, आणि वर जायच्या ऐवजी बाजारात जाऊन टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या, एक पाना, दोन नव्या ट्यूब, ठिगळं, सोल्युशनची नळी, खरकागद आणि पायाने दाबायचा पंप घेऊन आली. गाडी जुनी होती, तारांच्या चाकांची, ट्यूबवाली. वाटेत पंक्चर झालं तर चाक काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने मोबाइल पायरीवर टेकवून ठेवला, त्यात कुणी तरी सरदारजी हसतमुखाने चाक काढत होता, आणि तो जे करेल ते ती करू लागली. मागच्या चाकाचा नट हलेना. तळमजल्यावरचे तोतारामभाऊ एस्टीतून निवृत्त झालेले, दिवसभर खुर्ची टाकून पार्किंगवर देखरेख करत. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मग राहवेना तेव्हा म्हणाले, "ताई, गॅरेज टाकायचा विचार आहे का? नाही, मंडळाची वर्गणी लगेच लावून घेतो." "गावाला जायचंय, भाऊ." "अहो, मग पंक्चरवाले काय उपाशी मरायचे? पारोळ्यापर्यंत दर फाट्यावर एक बसलेला असतो." "आज सगळे बसतीलच असं नाही," दिपमाला म्हणाली आणि पान्यावर पाय देऊन उभी राहिली. नट कुरकुरत सुटला. तोतारामभाऊंनी खुर्ची थोडी जवळ ओढून घेतली.

रुपचंदने आयुष्यात कधी साधा पानासुद्धा बरोबर ठेवला नाही. पंपांच्या कंपनीचा प्रतिनिधी, सगळा खानदेश गाडीवर पालथा घालायचा. पण डिकीत काय, तर एक फडकं आणि बडीशेपेची पुडी. पंक्चर व्हायचं तेव्हा होईल, म्हणायचा, आधीपासून तयारी करून त्याला आवतण कशाला द्यायचं? आणि ते आवतण न देताच यायचं. लग्नानंतर पहिल्याच कानबाईला एरंडोलच्या पुढे, मग एकदा मुकटीजवळ, एकदा तर मोनाली कडेवर असताना नेरच्या अलीकडे. तो रस्त्यात उभा राहून टेम्पोला हात करायचा, गाडी चढवून द्यायचा, आणि टेम्पोत जागा एकाचीच असेल तर गाडी एकटीला पुढे पाठवून स्वतः तिच्याबरोबर मोरीवर बसून राहायचा. दिपमालाचा बाप रेल्वेत, भुसावळच्या क्वार्टरमध्ये वाढलेली पोर. वेळ म्हणजे वेळ. ती तोंड फुगवून बसायची. एकदा कुसुंब्यापुढे त्याने भाजलेली कणसं आणली, एक तिच्यापुढे धरलं, तिने ते घेतलं नाही, तेव्हा त्याने दोन्ही खाल्ली, दाणे पार पुसून काढत, आणि वर म्हणाला, "बघ, तू रागावलीस ते एका अर्थी बरं झालं." साक्रीपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. नुसतं बसून राहायचे ते तास धरले तर त्यांच्या संसारात तेवढाच काय तो निवांतपणा होता, हे तिला आता पट्टी टायरच्या कडेखाली सरकवताना कळलं. कळलं आणि काहीच झालं नाही. तिने पट्टी खाली दाबली.

पहिल्या खेपेला तिने नव्या ट्यूबलाच भोक पाडलं. टायरची शेवटची कड आत बसत नव्हती म्हणून तिने पट्टीवर सगळा भार टाकला आणि ट्यूब पट्टीखाली चिमटली. हवा भरली तर चाक फुस्स. "झालं," तोतारामभाऊ समाधानाने म्हणाले, "आता आपणच पंक्चर करतोय. धंदा जोरात." दिपमालालाही हसू यायला हवं होतं, असं तिच्या लक्षात आलं. तिने टायर पुन्हा उचकटला, भोक शोधलं, भोवती खरकागद घासला, सोल्युशन लावून ते वाळेपर्यंत थांबली, ठिगळ दाबलं. या थांबण्यात मोनालीचा फोन आला. मोनाली नाशिकला शिकत होती. तिला काकूकडून सगळं कळलेलं होतं, पण ती ते बोलली नाही. "आई, तू खरंच चाक काढतेयस?" "हो." "एकटीने?" "तोतारामभाऊ आहेत." "ते काय करतायत?" "बसलेत." मोनाली हसली, मग हसणं मधेच थांबवून म्हणाली, "आई, तू आजीला काय सांगणारेस?" "आधी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं," दिपमाला म्हणाली, "काटा, खिळा आत राहिला असेल तर नवी ट्यूबही जाते. मग थोडी हवा भरूनच ट्यूब आत घालायची, म्हणजे ती चिमटत नाही." "बरं, आई. हळू जा," मोनाली म्हणाली. दिपमालाने फोन ठेवला आणि बोट टायरच्या आतून फिरवलं, सबंध, एकदा उलटं आणि एकदा सुलटं.

दुपारनंतर तिने चाक पुन्हा काढलं आणि पुन्हा बसवलं. मग आणखी एकदा. तोतारामभाऊंनी 'ताई, जेवलात का' विचारलं आणि उत्तराची वाट पाहून ते जेवायला निघून गेले. गुडघ्यांखाली पोत्याचा तुकडा, नखांत काळं तेल, मनगटात एक बरी वाटणारी ठणक. हातांना हळूहळू कळायला लागलं होतं, की कड पहिल्यांदा वाल्वच्या समोरच्या बाजूने काढायची, शेवटी वाल्वजवळ आणायची, टायर गुडघ्याने दाबून धरायचा. हे जे हात शिकत होते त्यात ती कुठेच नव्हती, आणि ते तिला आवडत होतं. या दीड वर्षात काहीही आवडलं नव्हतं त्या मानाने हे खूपच झालं. रुपचंदने पाहिलं असतं तर म्हणाला असता, अगं, एवढी तयारी? मग आता पंक्चर होणारच नाही, तुझा विरस होईल. त्याचा आवाज तिला अगदी बरोबर आठवत होता, 'विरस' म्हणताना तो खालचा ओठ जरा पुढे काढायचा तेसुद्धा, आणि तरीही आत काहीच हललं नाही. माणूस एवढा स्पष्ट आठवावा आणि आपल्याला नुसती माहिती मिळाल्यासारखं वाटावं, याची तिला भीती वाटली. भीती मात्र खरी वाटली. तिने घाईने पंप जोडला आणि हवा भरायला लागली.

रविवारी सकाळी ती निघाली. पाठीवर सॅक, सॅकमध्ये हत्यारं, स्वतःची साडी, सासूबाईंसाठी लुगडं, कुंदनसाठी काहीच नाही कारण त्याला काय न्यावं ते सुचलं नव्हतं. पाळधी, एरंडोल, पारोळा. श्रावणातलं ऊन मधेच ढगाआड जायचं आणि कपाशीची शेतं काळपट हिरवी व्हायची. हेल्मेटच्या आत तिने वाक्य म्हणून पाहायचं ठरवलं होतं. तिथे कोण ऐकणार? 'आई, हे' इथपर्यंत ती यायची, आणि पुढच्या शब्दाऐवजी तिच्या मनात आपोआप यायचं, आधी स्टँडवर घ्यायची, मग ब्रेकचा नट, मग साखळी सैल करायची. असं पारोळ्यापर्यंत चाललं. पुढे पुढे तिला जाणवलं की आपलं सगळं लक्ष मागच्या चाकाकडे आहे. खड्डा आला की ती कान देत होती. धुळ्याला आग्रा रोडच्या चौकाच्या पुढे तिने चहा घेतला, गाडीला एक फेरी मारली, मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. कडक होता. चहावाला म्हणाला, "हवा चांगली शे, मॅडम." तिला त्याचा राग आला. आपण पंक्चरची वाट पाहतोय हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ते झालं नाही तर दुपारीच गावात पोचणार होती, अगदी वेळेवर, आणि मग सांगावं लागणार होतं.

कुसुंबा गेलं, नेर गेलं, साक्रीही गेली. डोंगरांवर पवनचक्क्या दिसायला लागल्या, काही फिरत होत्या, काही नुसत्या उभ्या होत्या, आणि तिथे एका उतारावर गाडीचं बूड सापासारखं डावीकडे उजवीकडे वळवळलं. दिपमालाने ब्रेक न लावता गाडी कडेला आणली. मागचं चाक पार बसलं होतं. आजूबाजूला मक्याची शेतं, एक बंद टपरी, माणूस कुणी नाही. तिने सॅक उतरवली, पोत्याचा तुकडा अंथरला आणि सुरुवात केली. नट, साखळी, चाक. पट्टी समोरच्या बाजूने. टायरच्या आतून बोट फिरवलं तेव्हा बाभळीचा काटा टोचला, तिने तो नखाने ओढून काढला आणि बोटावर आलेला रक्ताचा थेंब साडीला न पुसता दुपट्ट्याला पुसला, कारण साडी नेसलेलीच नव्हती, गाडीसाठी पंजाबी ड्रेस घातला होता आणि साडी पुढे नेसायची होती. हेही तिला आत्ताच आठवलं. पार्किंगमध्ये लावलेलं ठिगळ घट्ट होतं, पण काट्याने दुसरीकडे भोक पडलं होतं; दुसरी नवी ट्यूब सॅकमध्ये होतीच, ती घातली. सगळं पार्किंगमध्ये झालं तसंच झालं, कुठेही अडलं नाही. पंपाच्या शेवटच्या दाबाबरोबर टायर कडक झाला आणि आता करायला काहीच उरलं नाही. तिने हत्यारं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले तरी नखांतलं काळं गेलं नाही.

तेवढ्यात एक जोडपं गाडीवरून आलं आणि थांबलं. बाईच्या मांडीवर मोठं गंगाफळ होतं, कानबाईच्या भाजीचा लाल भोपळा, ते सावरत तिनेच विचारलं, "काय व्हयनं, बहीण? पंक्चर?" "झालं होतं. काढलं." "कोनी काढं?" "मीच." बाईने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने गाडीकडे. "एकलीच शेतस?" तो म्हणाला, "मालक कोठे शेतस?" इतक्या साध्या आवाजात विचारलं त्याने. परका माणूस, पुन्हा कधी भेटणार नाही असा, रस्ता मोकळा, डोंगरावर पवनचक्क्या. इथे म्हणून टाकलं असतं तर निदान सराव झाला असता. "घरी आहेत," दिपमाला म्हणाली. "वाट बघतायत." "मंग लवकर चाला," बाई म्हणाली, "कानबाईना दिवस शे, मान्सं दारमा येरझारा घालतस. आम्ही मांगे मांगे येतस, काही लागनं तर." आणि ती दोघं खरंच फाट्यापर्यंत तिच्या मागे मागे आली. आरशात गंगाफळ दिसत होतं. वळताना बाईने हात हलवला आणि ओरडून काही तरी सांगितलं, बहुधा मालकांना नमस्कार सांगा असंच. दिपमालाने मान डोलावली. आपण किती सहज खोटं बोलतो आणि त्या बाईला ते किती पटलं, या विचाराने तिने आरशातून नजर काढून घेतली.

गावात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. ओट्यावर भटू उभा होता, तो पुढे आला, गाडी हातातून घेऊन त्याने ती भिंतीशी लावली, एका शब्दानेही उशिराचं विचारलं नाही. "पह्यले हातपाय धुई ल्या, वहिनी." आत कानबाई मांडलेली होती, नारळाला डोळे, नथ, हिरवं लुगडं, समईच्या उजेडात सजलेली. नैवेद्य होऊन गेला होता. रोट ताटांत वाढलेले होते आणि कुणीही जेवलेलं नव्हतं. भटूची बायको, कुंदन, सगळे भिंतीला टेकून उभे. सुमनबाई कानबाईसमोर पाटावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या, आणि त्यांच्यापुढे एक वेगळं ताट होतं. दिपमालाने पदर नाही म्हणून ओढणीच डोक्यावर घेतली, कानबाईला हात जोडले आणि सासूबाईंच्या समोर खाली बसली. "ऊनी का?" सुमनबाई म्हणाल्या. "आले, आई." भटू दारातून म्हणाला, "वहिनी, मंग सांगा. कुंदनना नावनं करूत ना?" कुंदनने मान खाली घातली. बिचाऱ्याला तो रोट नकोच होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

इथे काढायला नट नव्हता. दिपमालाने आपली काळी नखं ओढणीत लपवली, मग पुन्हा बाहेर काढून मांडीवर ठेवली. "आई," ती म्हणाली, "हे गेले."

तिला वाटलं होतं म्हातारी ओरडेल, नाही तर 'मले माहीत नही का' म्हणून चिडेल. सुमनबाईंनी मान वर केली. "कसा गया?" त्यांनी विचारलं.

"आई, आते हाई काय इचारनं शे का?" भटू पुढे सरकला. "तू चूप ऱ्हाय," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "गाडी उनी, मान्से उतरनात, म्हने चाल, देखी ले. मी देखं. पन कसा गया हाई मले कोनीच नही सांगं. बठ्ठास्ले माहीत शे म्हने. मले नही माहीत." आणि पुन्हा दिपमालाकडे वळून, "तू सांग."

दिपमाला सांगू लागली. भुसावळला गेले होते, सकाळीच. पंपांच्या दुकानात. दुकानदाराशी बोलत होते, बोलता बोलता खुर्चीवर बसले, छातीत जड वाटतंय म्हणाले. मग पाणी मागितलं. दुकानातल्या माणसाने पाणी आणलं. मग सगळे धावले, रिक्षा केली, दवाखान्यात नेलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच. शब्द एकामागून एक येत होते, तिला फोनवर ज्या क्रमाने मिळाले होते त्याच क्रमाने, आणि ते आपल्याच तोंडून ऐकताना ती प्रत्येक शब्द जणू पहिल्यांदा वाचत होती. सुमनबाई ऐकत होत्या. मधे त्या हुं म्हणत होत्या, पोरगं शाळेतून येऊन काही सांगत असावं तशा.

"पानी पिना का तो?" त्यांनी विचारलं.

दिपमालाने तोंड उघडलं. पाणी आणलं होतं. आणलं होतं हे नक्की, त्या माणसाने तसंच सांगितलं होतं. पण प्याले का? ओठाला लागलं का? पेला हातात घेतला, की तसाच टेबलावर राहिला? दीड वर्षात हा प्रश्न तिला पडलेला नव्हता. त्या दुकानावरून ती त्यानंतर माहेरी जाताना कितीदा गेली होती. आत जाऊन विचारायला काय लागत होतं? "माहीत नाही, आई," ती म्हणाली. "मी विचारलंच नाही." आणि 'विचारलंच' म्हणताना तिचा आवाज मधेच फाटला, तिला कळायच्या आत छातीतून काही तरी वर आलं, मोठ्याने, लाज वाटावी इतक्या मोठ्याने, आणि ती पाटाच्या कडेला कपाळ टेकून रडायला लागली. तहानलेला गेला असेल. तिचं सगळं अंग दुखत होतं, हात, पाठ, टोचलेलं बोट, सगळं एकदम. भटूची बायको धावली तिला सुमनबाईंनी हाताने थोपवलं. त्या स्वतः रडत नव्हत्या. त्या वाट पाहत होत्या, बरीच वाट पाहिली त्यांनी, मग समोरच्या ताटातला रोट उचलला, जाड होता, निवून कडक झालेला. दोन्ही हातांनी जोर लावून मोडला आणि अर्धा सुनेच्या हातात दिला.

"खाय," त्या म्हणाल्या. "हाऊ आपू दोन्ही खाऊत. पुढला साले मी त्यानं नाव नही लेवाव." त्यांनी आपल्या अर्ध्याचा तुकडा तोंडात घातला, दात नव्हते म्हणून बराच वेळ तो घोळवत राहिल्या. दिपमालाही खाऊ लागली, रडत रडत, नाक पुसत, घास गिळवत नव्हता तरी खात राहिली. "उद्या सकायले कानबाईले नदीवर पोचाडूत," सुमनबाई म्हणाल्या, "आन मंग भुसावळले जाऊत. मी तुन्हा मांगे बससू. ज्यानी पानी आनं, त्याले इचारूत."